राजाचा गळ आणि मांजरेचे पाणी

वाचकहो, दिवाळी अंकात हे सदर लिहायला बसलो की अंग जरा सैल झाल्यासारखे वाटते. एरवी आठवड्याच्या अंकात दीड पानाच्या बाकावर अंग चोरून बसावे लागते. आज संपादकांनी चांगली ऐसपैस सतरंजी अंथरून दिली आहे. तेव्हा फराळाची ताटली जवळ ओढा, चकली मोडा, आणि मी जो विषय काढणार आहे त्याला एकदम नाक मुरडू नका. विषय आहे मासे धरण्याचा. जाळ्याने नव्हे, गळाने. आणि ठिकाण आहे मराठवाडा, त्यातही नांदेड आणि लातूर.

तुम्ही म्हणाल, “अहो, आज लक्ष्मीपूजन, आणि तुम्ही मासळीबाजार कसला भरवता? आणि लातूरला? जिथे माणसांना पाणी मिळायची मारामार, तिथे मासे कुठून यायचे?” पहिल्या आक्षेपाचे उत्तर सोपे आहे. आजच्या लेखात एकही मासा तळला जाणार नाही, तेव्हा शाकाहारी मंडळींनी निर्धास्त वाचावे. दुसरा आक्षेप मात्र मर्मावर बोट ठेवणारा आहे, आणि खरे तर त्याच्याचसाठी हा सारा प्रपंच.

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा मुलगा अमेरिकेत असतो. दर वर्षी आश्विनाच्या सुमाराला त्याचा एखादा फोटो येतो, आणि वडील तो साऱ्या आळीला दाखवतात. डोंगरातले आरशासारखे तळे, काठावर पिवळी-तांबडी झालेली झाडे, आणि मांड्यांपर्यंत रबरी बूट चढवून पाण्यात उभा असलेला आपला मराठी मुलगा. हातात लांब, लवचीक काठी. त्याच्या गळाला गांडूळ नसते. पिसे आणि रेशमाचा धागा गुंडाळून केलेली एक खोटी माशी असते. ही माशी पाण्यावर अशी अलगद टेकवायची की माशाला वाटावे, खरोखरीच एखादा किडा पाण्यावर पडला. ज्या माशासाठी ही सारी उठाठेव, त्याचे नाव ब्रुक ट्राउट. मोठा देखणा मासा! पाठीवर किडे वळवळावेत तशा फिकट रेघा, अंगावर निळ्या कड्यातले तांबडे ठिपके आणि पोटाखालच्या परांना पांढरी किनार. शरद ऋतू हा त्याच्या विणीचा हंगाम. त्या दिवसांत नराचे पोट असे केशरी होते, की जणू मावळतीचे आभाळच त्याला लागले आहे.

“मग हा मासा आपल्या गोदावरीत का नाही?” असे त्या वडिलांनी मला एकदा विचारले. कारण पाण्यातच आहे. मासा जो प्राणवायू घेतो, तो पाण्यात विरघळलेला असतो. आणि पाणी जितके थंड, तितका तो अधिक विरघळतो. दहा अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तेच पाणी तीस अंशांवर गेले, की जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. ट्राउटच्या जातीला थंड, वाहते, वायूने भरलेले पाणी लागते. काश्मीरच्या ओढ्यांत १९०० च्या सुमाराला विलायतेहून त्याच्या एका भावंडाची अंडी आणून रुजवली, पुढे निलगिरीच्या थंड ओढ्यांतही ट्राउट आला. पण वैशाखात नांदेडला पारा बेचाळीस अंशांपलीकडे जातो. तिथे ट्राउट सोडणे म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलावून तव्यावर बसवणे होय!

आता यावरून कोणी असे समजेल, की गळाचा हा छंद थंड मुलखातला, साहेबांनी काढलेला, आणि आपल्याकडे आला तो त्यांच्या हॅटीबरोबर. इंग्रजांना या छंदाचा अभिमान फार. त्यांच्या भाषेत गळाच्या मासेमारीवर छापलेले पहिले पुस्तक १४९६ सालचे. एका मठाधिकारी बाईंच्या नावाशी ते जोडले जाते, आणि हावरटासारखे फार मासे धरू नयेत, असा उपदेशही त्यात आहे. त्यांच्या आयझॅक वॉल्टनचा प्रसिद्ध ग्रंथ १६५३ चा. पण मंडळी, त्या १४९६ च्याही आधी साडेतीनशेहून अधिक वर्षे, आपल्या उंबरठ्याशी, एका राजाने गळाने मासे धरण्यावर एक सबंध प्रकरण लिहून ठेवले होते!

हा राजा म्हणजे कल्याणीचा चालुक्य सम्राट तिसरा सोमेश्वर. थोर विक्रमादित्याचा हा मुलगा ११२६ च्या सुमारास गादीवर आला. त्याची कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातले. आज ते कर्नाटकात आहे, पण निलंग्याहून सकाळचा चहा घेऊन निघालात तर दुपारच्या जेवणाआधी पोहोचाल. आणि जुन्या माणसांना आठवत असेल, उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. लातूरचा स्वतंत्र जिल्हा झाला तो तर १९८२ मध्ये. तेव्हा सोमेश्वर राजा हा नकाशाच्या रेघेपलीकडचा असला, तरी परका नव्हे, शेजारच्या आळीतलाच.

त्याने शके १०५१, म्हणजे इसवी सन ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. पाच भाग, प्रत्येकात वीस प्रकरणे, अशी बरोबर शंभर. राज्य कसे चालवावे, हत्ती कसे पारखावेत, गाणे कसे ऐकावे, जेवणात काय असावे, असे जगातले काही म्हणून त्याने सोडलेले नाही. स्वयंपाकघरातल्या मंडळींसाठी सांगतो, आजच्या इडली-डोशाचे पणजोबा त्यात सापडतात. आणि मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावे असे आणखी एक. या संस्कृत ग्रंथात काही ओळी चक्क मराठीत आहेत. आपल्या भाषेच्या अगदी जुन्या लेखी खुणांपैकी त्या एक. त्यांत दशावतारांची स्तुती आहे, आणि आरंभ अर्थातच मत्स्यावताराने. म्हणजे मराठी लिहायला लागली, तेव्हा तिच्या पाळण्याशीच मासा पोहत होता म्हणायचा!

ग्रंथाच्या चौथ्या भागात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. इथे विनोद म्हणजे हसण्याचा नव्हे बरे का. विनोद म्हणजे मनाचा विरंगुळा. त्यात समुद्रातले व नदीतले मिळून पस्तीसएक जातींचे मासे सांगितले आहेत. खवल्यांचे वेगळे, बिनखवल्यांचे, म्हणजे कातडीचे वेगळे. थोरले वेगळे, धाकटे वेगळे. दोरी कशी असावी, काठी कशी, गळ कसा, आमिष कोणाला कोणते, हे सारे आले आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकर या आपल्या पंडितांनी हा ग्रंथ संपादून छापला, त्याचा पहिला खंड १९२५ मध्ये निघाला. पुढे १९५१ मध्ये सुंदरलाल होरा या नामांकित प्राणिशास्त्रज्ञाने याच प्रकरणावर निबंध लिहिला आणि विद्वानांना ते नीट ठाऊक झाले. नाहीतर आठशे वर्षे राजाचा गळ पोथीच्या पाण्यात तसाच बुडून होता.

मला या प्रकरणातली सर्वांत आवडणारी गोष्ट दोरीची नाही की गळाची नाही. ती आहे खाऊ घालण्याची. राजा सांगतो, मासे धरण्यापूर्वी त्यांना पोसा. कोणाला तिळाचे गोळे, कोणाला भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठात भात कालवून केलेले गोळे, मांसाहारी माशांना मांसाचे तुकडे. मासा काठाशी यायला लागला, ओळखीचा झाला, की मगच गळाची गोष्ट. यात कावा आहे, हे कबूल. पण त्या काव्यासाठीसुद्धा काय काय लागते पाहा! कोणत्या डोहात कोण राहतो, कोण तळाशी चरतो, कोण वर येतो, कोणाला काय रुचते, हे सारे ठाऊक असावे लागते. ज्याने नदीकडे वर्षानुवर्षे पाहिले नाही, त्याला हे प्रकरण लिहिताच आले नसते.

आणि गंमत अशी, की हे पोथीतले ज्ञान पोथी न वाचणाऱ्यांच्या हातांत आजही आहे. मागे नांदेडला गोदावरीच्या घाटावर एक म्हातारे भोईमामा गळ टाकून बसलेले दिसले. त्या बाजूला गळाला गरी म्हणतात. शेजारी फडक्यात कणकेचा गोळा. अधूनमधून त्यातली चिमूट पाण्यात भिरकावीत होते.

“मामा, काही लागले का?” मी विचारले.

“लागंल की, दादा,” ते म्हणाले. “आधी त्येला खाऊ द्या. उपाशी पाव्हण्याशी सोयरीक बोलत न्हाईत.”

मी घड्याळ पाहिले. त्यांना ते दिसले असावे.

“घाई असंल तर बाजारात जावा,” मामा म्हणाले. “हितं नदीला घाई न्हाई, माशाला न्हाई, मलाबी न्हाई.”

सोमेश्वराच्या दरबारात हे उत्तर दिले असते, तर मामांना सोन्याचे कडे मिळाले असते असे मला वाटते. पंधरा-वीस मिनिटे मी तिथे बसलो. तेवढ्यात मामांनी मला सांगितले ते असे : नवरात्र सरले की गढूळ पाणी निवळते, आणि मग मासा नजरेने खातो, मरळ धरायची तर कणीक चालत नाही, तिला छोटा बेडूक दाखवावा लागतो, शिंगटा रात्रीचा फिरतो आणि त्याचा काटा बोटात गेला की रात्रभर झोप नाही. मराठवाड्यात डोंगरातली थंड तळी नाहीत, ट्राउट नाही. पण शरदातले निवळलेले पाणी आहे, आणि त्याच्यावर नजर लावून बसणारा माणूस आहे. अमेरिकेतला तो मुलगा आणि हे मामा एकाच शाळेचे विद्यार्थी म्हणायचे. एकाची माशी पिसांची, दुसऱ्याची गोळी कणकेची, एवढेच.

आपल्या दख्खनी माशांचा मानही काही कमी नाही. मुंबई सरकारच्या नोकरीतला कर्नल साइक्स नावाचा एक इंग्रज अधिकारी १८२४ पासून काही वर्षे हा प्रदेश पायाखाली घालीत होता. त्याने दख्खनच्या माशांची वर्णने केली आणि १८४० च्या आगेमागे ती लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. या माणसाने एक फार भली गोष्ट केली. माशांना शास्त्रीय नावे देताना त्याने इथल्या कोळ्या-भोयांनी सांगितलेली मराठी नावेच लॅटिनच्या पंगतीत बसवली. खुद्री, कोळस, शिंगटी ही नावे आजही जगभरच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत तशीच आहेत. टोकियोतला किंवा पॅरिसमधला प्राध्यापक महसीरच्या एका जातीला ‘टॉर खुद्री’ म्हणतो, तेव्हा नकळत आपल्या नदीकाठचे मराठी बोलत असतो.

पण नाव पुस्तकात राहिले म्हणून मासा नदीत राहतोच असे नाही. आता त्या मर्मावरच्या प्रश्नाकडे येऊ.

पैठणला जायकवाडीचे काम १९६५ मध्ये सुरू झाले, १९७६ मध्ये धरणाचे उद्घाटन झाले. पुढे नांदेडच्या उशाशी विष्णुपुरीचा बंधारा झाला. लातूरच्या तहानेसाठी धनेगावला मांजरेवर धरण आहे. धरणे नकोत असे मी म्हणत नाही; त्यांच्याच पाण्यावर आपली शेते आणि नळ चालतात. पण माशाच्या बाजूनेही एकदा पाहावे. पावसाळ्यात प्रवाहाच्या उलट चढून जाऊन अंडी घालणारे मासे भिंतीशी येऊन थांबतात. अहेर नावाचा सापासारखा मासा तर जन्माला येतो समुद्रात आणि वाढायला येतो नदीत. त्याच्या वाटेवर एकामागून एक दारे बंद झाली. मग वाळू गेली. नदीची वाळू उपसली की तळाचे डोह, दगड, लपायच्या जागा सारे मोडते. शहरांचे सांडपाणी आले. आणि १९५२ मध्ये भारतात आणलेला आफ्रिकेतला चिलापी हा मासा जिथे तिथे पसरला. तो घाणीत तग धरतो, भराभर वितो, आणि घरच्यांच्या ताटात हात घालतो. तळ्यांत कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडतात. त्यावर मच्छीमार सहकारी संस्थांतल्या कितीतरी कुटुंबांची चूल पेटते, ते चांगलेच आहे. पण ज्या माशाला बाजारभाव नाही, त्या लहान देशी माशांचे बीज कोण सोडणार? ते फक्त नदी सोडू शकते, आणि तेही ती वाहती असली तर.

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरेचे धरण कोरडे पडले. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीच्या दहा डब्यांत पाच लाख लिटर, पुढे पन्नास डब्यांची गाडी, पंचवीस लाख लिटरांची. पाण्याची गाडी पाहायला लोक फलाटावर जमले. वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले. त्या दिवसांत धरणातल्या माशांचे काय झाले हे विचारायला कोणालाही सवड नव्हती, आणि तो त्यांचा दोष नव्हे. ज्या आईला लेकरासाठी घागर भरायची आहे, तिने माशांची चिंता करावी असे म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

तरीही एक गोष्ट सांगतो. वर ट्राउटच्या निमित्ताने प्राणवायूचे जे गणित मांडले, ते इथे पुन्हा कामी येते. डोह आटू लागला, पाणी तापले, की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासे वर येऊन तोंडे वासू लागतात. मरळीसारख्या एखाद्या जातीला हवेतून श्वास घेता येतो. ती चिखलातही काही काळ तग धरते. बाकीचे पहिल्या आठवड्यातच संपतात. म्हणजे नळ कोरडा पडण्याच्या किती तरी आधी मासे आपल्याला कळवत असतात, की पाणी आजारी आहे. फक्त ते ऐकायला काठावर कोणीतरी बसलेले असावे लागते. नळाजवळ उभ्या असलेल्या माणसाला नदीची बातमी शेवटी कळते. गळ टाकून बसलेल्याला ती आधी कळते. घाटावरचे ते मामा मला म्हणाले होते, “पूर्वी बारा जातीचं मासं गरीला लागायचं. आता चिलापी लागतंय, नाहीतर चप्पल.” कोणत्याही अहवालापेक्षा हे वाक्य मला जड वाटते.

निराशेचा फराळ मात्र मी दिवाळीत वाढणार नाही. आपल्याच महाराष्ट्रात याच्या उलट घडलेलेही आहे. राज्याच्या मत्स्यखात्याचे संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास लोणावळ्याला, टाटांच्या वळवणच्या तलावाशी, साइक्सच्या त्याच खुद्री महसीरची कृत्रिम वीण करून दाखवली. तिथून निघालेले महसीरचे बीज पुढे देशभरच्या नद्या-तळ्यांत गेले. महाड तालुक्यात वाळणकोंडीच्या डोहातले मासे तर देवीचे मानून गाव पिढ्यान्‌पिढ्या राखत आले आहे. तिथे लोक माशांना कुरमुरे घालतात आणि गळ कोणी टाकत नाही. सोमेश्वराने खाऊ घालून मग गळ टाकायला सांगितले. या गावाने पुढची अर्धी ओळ खोडून टाकली, इतकेच! एका ठिकाणी शास्त्राने केले, दुसऱ्या ठिकाणी श्रद्धेने. मासा वाचला, कारण कोणाला तरी त्याचे नाव ठाऊक होते आणि तो असावा असे वाटत होते.

मांजरेचा प्रवास मला नेहमी मोठा अर्थपूर्ण वाटतो. बीडकडच्या बालाघाटच्या डोंगरात ती उगम पावते, लातूरच्या शेतांतून जाते, सोमेश्वराच्या बिदर मुलखातून वळसा घेते, तेलंगणात शिरते, आणि पुन्हा वर येऊन नांदेडच्या सीमेवर, कंदकुर्तीजवळ, गोदावरीला मिळते. सातशेहून अधिक किलोमीटर चालून लेक आईकडे येते. लातूर, कल्याणीचा राजा आणि नांदेड या तिघांना एका दोरीत ओवणारी हीच ती नदी. या दोरीला एवढ्या गाठी बसल्या आहेत. ती तुटू द्यायची की नाही, हे काही राजा आता ठरवायला येणार नाही.

मोठमोठ्या योजना सांगण्याचा माझा अधिकार नाही. माझी सूचना लहान आहे. या सुट्टीत भाऊबिजेला नांदेडला किंवा लातूरला जाणे झाले, तर एक सकाळ मुलांना घेऊन नदीवर जा. गळ हवाच असे नाही. कणकेचा गोळा पुरे. मुलांना काठावर बसवा, आणि अर्धा तास तरी मोबाइल घरी राहू द्या. पाण्यात चिमूटभर कणीक टाका आणि काय वर येते ते पाहा. एखादा भोईमामा भेटला, तर त्याला ‘मामा’ म्हणून माशांची नावे विचारा, आणि मुलांना ती वहीत लिहून घ्यायला लावा. कर्नल साइक्सने यापेक्षा वेगळे काही केले नव्हते. पुढच्या वर्षी त्याच जागी जा आणि वही उघडून ताडून पाहा. नावे वाढली तर आनंद. कमी झाली, तर निदान ते कळलेली चार मुले तरी गावात असतील. नदीवर नजर ठेवायला अशी चार मुले पुष्कळ झाली.

येती दिवाळी आपणां सर्वांना सुखाची जावो, आणि गोदा-मांजरेचे डोह वैशाखापर्यंत भरलेले राहोत.